पान फाडायचं नाही

“हा हात काशम्माचा,” अक्का म्हणाली. “करंगळी बघ की. वाकडी हाय.”

मी वही तिच्या हातातून घेतली आणि खिडकीपाशी नेली. हात काशम्माचाच होता. दाभण धरलेला, करंगळी बाजूला काढलेली. लहानपणी ती करंगळी जात्यात सापडली होती. चित्राखाली माझ्या वर्गातल्या नरसय्यानं लिहिलं होतं, ‘मास्तरांचं घर, रविवार, खांबाजवळ बसून.’

“आन् तोंड?” अक्कानं विचारलं.

“तोंड नाही.”

“ह्यात बी न्हाय?”

“नाही.”

ती नववी वही होती.

काशम्मा, माझी बायको, भाद्रपदात गेली. नऊ दिवस ताप होता. आमच्यात दहन नसतं, बसवून माती देतात. तिला बसवली, कपाळाला विभूती लावली, आणि तेव्हा मी तिचा चेहरा शेवटचा पाहिला. आता ज्येष्ठ लागला होता आणि महिनाभर मला तो चेहरा आठवत नव्हता. आवाज आठवे. चालताना जोडव्यांचा आवाज होई तो आठवे. चेहरा आठवायला बसलो की तिच्या धाकट्या बहिणीचा समोर येई.

तिचा फोटो आमच्याकडे नव्हता. गड्ड्याच्या जत्रेत दर वर्षी फोटोवाल्याचा तंबू लागे. आत मोटारीचं चित्र काढलेला पडदा असे. काशम्मा तिथं जरा रेंगाळायची. मी म्हणायचो, “ड्रॉइंग मास्तरच्या बायकोनं फोटो कशाला काढायचा? मी काढतो की तुझं चित्र.” हे मी तेवीस वर्षं म्हणालो.

शाळेत मी चित्रकला शिकवतो. रविवारी सकाळी घरी वर्ग घेतो, त्याला बहुतेक गिरणीतली आणि मागावरची पोरं येतात. दर पोराला एक वही मिळते. छापखान्यातून कापून उरलेला कागद मी आणायचो. काशम्मा तो दुमडायची, दाभणानं भोकं पाडायची, मागावरच्या सुताला मेण लावून शिवायची. पाठीला जुन्या लुगड्याची पट्टी. मग पानांवर आकडे घालायची. ती अक्कलकोटकडची, आकडे तिला कानडीच येत. त्यामुळे माझ्या पोरांना कानडी येवो न येवो, एक ते चौसष्ट कानडीत वाचता यायचे.

वहीचे नियम माझे. रबर वापरायचं नाही. पान फाडायचं नाही, वाईट निघालं तरी राहू द्यायचं. पहिल्या वहीत रोज एक पान, पुढं जमेल तसं. चित्राखाली कुठं बसलो ते लिहायचं. महिन्याच्या शेवटी वही पहिल्यापासून बघायची, एक चित्र निवडायचं आणि त्यावरून मोठं चित्र करायचं. एकाच्या वहीत रोज तांब्या होता, सात दिवस तोच तांब्या. आठव्या दिवशी तो मला म्हणाला, “मास्तर, ह्यो तांब्या आता वळखीचा झाला.” तेव्हा मी त्याला दुसरं काही काढायला सांगितलं.

आणि पहिल्या वहीत चेहरा काढायचा नाही. पोरं नवीन येतात तेव्हा कॅलेंडरावरचे देव बघून बदामासारखे डोळे काढतात, आणि एकदा त्याची सवय लागली की समोरचा माणूस त्यांना दिसत नाही. म्हणून पहिली वही हात, पाय, भांडी, जनावरं. चेहरा दुसऱ्या वहीपासून. पण दुसरी वही लागली की पोरं घरात बसून काढत नसत, मी त्यांना बाजारात आणि तळ्यावर पाठवत असे.

काशम्मा सापडली तर पहिल्याच वहीत सापडणार, म्हणून मी जुन्या पोरांना निरोप धाडले होते, की पहिल्या वह्या आणून द्या, मला बघायच्या आहेत. कशासाठी ते सांगितलं नाही. पोरांनी आणून दिल्या. प्रत्येक वहीत काशम्मा होती, खांबाला टेकून शिवत बसलेली, समोर दुसरं कुणी नव्हतंच ना. तिचे हात होते. पाय होते. चुलीपुढची पाठ होती, मानेवर सुटलेला अंबाडा होता. नऊ पोरांनी माझा नियम पाळला होता.

“तू बी काय मास्तर रे तम्मा,” अक्का म्हणाली. ती माझी थोरली बहीण, मला तम्मा म्हणजे धाकटा भाऊ म्हणते, काशम्मा गेल्यापासून माझ्याकडेच राहते. “माणसाचं तोंड सोडून सगळं शिकवलंस.”

मी वह्या नीट रचून ठेवल्या.

त्याच दिवशी दुपारी बिरदेव आला. हा मंगळवेढ्याकडचा, धनगराचा. पाच वर्षांपूर्वी गिरणीच्या रंगखात्यात लागला आणि रविवारी माझ्याकडे यायला लागला. ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास झाला. आता मुंबईच्या चित्रशाळेत त्याला बोलावणं होतं, बुधवारच्या गाडीनं निघायचं होतं. तिथं मीच पत्र लिहिलं होतं. मुलगा कसा शिकला हे बघायचं तर त्याच्या वह्या पहिल्यापासून बघा, पानांवर आकडे आहेत, एकही पान फाडलेलं नाही, असं लिहिलं होतं. उत्तर आलं, सगळ्या वह्या घेऊन या.

त्यानं पाच वह्या माझ्यापुढे ठेवल्या. “सही पायजे हुती मास्तर. परत्येक वहीवर.”

“ह्या पाचच. पहिली कुठं आहे?”

“हाय की.”

“मग काढ.”

त्यानं पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला. “तिच्यात जरा खराब हाय एक पान.”

“खराब असू दे. खराब पानं बघायलाच मागतात वह्या.”

“खराब म्हंजी, तुमीच केलंय.”

अक्का आतून हसली. “दे रं बिरदेवा. मास्तरनं काय दिवं लावल्यात बघू दे त्याला.”

त्यानं वही दिली. निळ्या लुगड्याची पट्टी, ती मी ओळखली. पानं उलटत गेलो. मेंढीचे पाय, घोंगडं, पाण्याचा हंडा. अकराव्या पानावर थांबलो.

काशम्मा वर बघत होती. कुणीतरी काही विचारलं आणि तिनं शिवणावरून मान वर केली, तसं. एक डोळा जरा बारीक. पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला, ओठ मिटले तरी टोक दिसायचं, ते टोक होतं. आणि पानाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल पेन्सिलीच्या दोन जाड रेघा मारलेल्या, फुली. खाली माझ्या अक्षरात, ‘नियम मोडला.’

तेव्हा मला आठवलं. त्या रविवारी ती शिवणं ठेवून उठून आली होती. माझ्या मागे उभी होती. मी फुली मारली, वही मिटली, बिरदेवाच्या हातात दिली. ती म्हणाली, “बघू तरी द्यायचं की आदी.” मी म्हणालो, “बघण्यासारखं काही नाही.” ती परत खांबापाशी जाऊन बसली.

“अव्वांनी मला इचारलं, भाकरी खाल्ली का,” बिरदेव सांगत होता. माझी सगळी पोरं तिला अव्वा म्हणायची. “मी न्हाय म्हनालो. तवा वर बघितलं त्यांनी. तेवढंच काढलं मी. लई येळ न्हाय लागला.”

अक्का बाहेर आली. माझ्या खांद्यावरून तिनं पान पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

बिरदेव म्हणाला, “मास्तर, पान काढून घ्या.”

“मुंबईला काय सांगशील?”

“उंदरानं खाल्लं म्हणीन.”

“एकच पान खाल्लं?”

“गिरणीचा उंदीर हाय, मोजून खातो.”

मला हसू आलं नाही, पण त्यानं माझ्यासाठी प्रयत्न केला हे समजलं. मी म्हणालो, “वही बुधवारपर्यंत राहू दे. बाकीच्यांवर सही करून देतो.”

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. सोमवारी मी सकाळी आंघोळ करून पाट मांडला, चांगला कागद काढला आणि अकरावं पान समोर ठेवून नक्कल करायला बसलो. फुलीच्या रेघा सोडून बाकीचं उतरवायचं, एवढंच काम. एकोणतीस वर्षं मी हेच करतो आहे. कपाळाची उंची, डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी, सगळं मोजून घेतलं. जेवणवेळेपर्यंत चित्र झालं. अक्काला दाखवलं.

“चांगलं हाय,” ती म्हणाली. “कोन ही?”

दुसरं काढलं. तिसरं काढलं. मंगळवारी आणखी दोन. प्रत्येक वेळी बारीक डोळा दुसऱ्याएवढा होई. दात मी वाकडाच काढायचो, पण हात उचलला की तो जरा सरळ झालेला दिसे. माझा हात पोरांची चित्रं सुधारून सुधारून तसाच झाला आहे. चुकलेलं दिसलं की तो आपोआप नीट करतो. पाचवं चित्र अक्कानं बराच वेळ हातात धरलं.

“ही कुनाची तरी बायकू हाय,” ती म्हणाली. “आपली न्हाय.”

मग मी चाकू काढून ठेवला.

पान कापायचं ठरलंच होतं. पत्र मी लिहिलं होतं, दुसरं पत्र लिहिता आलं असतं. बुधवारी दुपारी मी वही उजेडात उघडली आणि शिवण कुठं आहे ते पाहिलं. शिवलेल्या वहीचं पान एकटं नसतं. कागद मधे दुमडलेला असतो, या बाजूचं पान त्या बाजूच्या पानाला जोडलेलं. अकरावं पान मुळापासून काढलं की चोपन्नावं सुटणार. चोपन्नावं पाहिलं. त्यावर व्यायलेली मेंढी होती, कोकरू चाटत असलेली. त्या वहीतलं सगळ्यांत चांगलं चित्र. खाली मीच लिहिलं होतं, ‘हे मोठं करून आण.’

चोपन्नावं डिंकानं चिकटवता आलं असतं. तेही मी मनाशी ठरवलं. चाकूचं टोक शिवणीपाशी नेण्यासाठी वही मधोमध पूर्ण उघडली. तिथं काशम्माची गाठ होती. दोनदा मारलेली, आणि वर मेणाचा थेंब लावून अंगठ्यानं दाबलेला. मेणावर अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या होत्या. बारीक, पण मोजता येतील अशा.

कापलेलं पान ओढलं तर सूत सैल होणार होतं, आणि मेण तडकणार होतं.

मी चाकू परत ठेवून दिला. बाहेर अक्का धान्य पाखडत होती.

बिरदेव तीनच्या सुमारास आला. नवं धोतर, कडक टोपी, खांद्यावर वळकटी. अक्कानं त्याला भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून दिली आणि म्हणाली, “मुंबईत पोटभर खा. चित्रात भाकरी काढून पोट भरत न्हाय.”

“व्हय अक्का.”

मी लाल पेन्सिलीला टोक केलं. अकरावं पान उघडलं आणि फुलीच्या खाली, ‘नियम मोडला’च्या शेजारी लिहिलं, ‘चेहरा बरोबर आहे. चूक मास्तरची.’ सही केली, तारीख घातली. वही मिटून त्याला दिली.

त्यानं ती उघडून पाहिली. “पान न्हाय काढलं?”

“नाही.”

“मास्तर, ही वही माझ्यापाशी राहून काय करू मी? तुमाला पायजे ती.”

“तुला प्रवेशाला लागते. आणि पान फाडायचं नाही, माहीत आहे ना?”

“तितं कुनी इचारलं, मास्तर चुकला म्हंजी काय चुकला, तर?”

“तर सांग.”

त्यानं वही पिशवीत घातली. मग म्हणाला, “दिवाळीला यीन तवा घिऊन यीन. तुमी दोन-चार दिवस ठेवा. परत जाताना मी नेतो.”

“ये,” मी म्हणालो.

पाया पडून तो गेला. गल्लीच्या टोकापर्यंत त्याची कडक टोपी दिसत होती. आणि त्याच्या पिशवीत, सहा वह्यांतल्या पहिल्या वहीत, अकराव्या पानावर ती होती. मी डोळे मिटून पाहिलं. बारीक डोळा आठवला. दाताचं टोक आठवलं. चेहरा पूर्ण झाला नाही, पण बहिणीचा आला नाही.

संध्याकाळी अक्कानं हाक मारली. “तम्मा, दाभण कुटं ठिवलंय? गोणपाट फाटलंय, शिवायचंय.”

काशम्माचा डबा फळीवर होता. भाद्रपदापासून मी तो उघडला नव्हता. आत मेणाचा गोळा होता, आणि दुमडून, भोकं पाडून ठेवलेली एक वही, शिवायची राहिलेली. येत्या रविवारी दोन नवीन पोरं यायची होती. दाभण कागदाखाली होतं. त्यात तिनं ओवलेलं सूत तसंच होतं.

“सापडलं का?”

“दुसरं घे अक्का. शेजारून आण.”

मी सूत बोटानं सरळ करून पाहिलं. वीतभर होतं. तेवढ्या सुतात वही शिवून होत नाही.