झोपलीय, पाणी नको

तिने तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत कुंडीत खुपसली. माती ओली होती. असणारच, रोज पाणी तीच घालत होती.

जंगलातही जी झाडं फारशी राहायला तयार नव्हती, ती तिच्या नवऱ्याने चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आणून बसवली होती. नवरा मुद्रितशोधक. प्रत्येक कुंडीत प्लॅस्टिकची पट्टी, पुढे पेन्सिलीने झाडाचं नाव. झाड मेलं की मागे तारीख लिहायची आणि पट्टी बिस्किटांच्या डब्यात टाकायची, असा त्याचा नियम.

ही आमरी, म्हणजे ऑर्किड, मात्र तिची. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला तिने बांगड्या मागितल्या, तेव्हा मिळालेली. पानं वाळली आणि पट्टीवर नावाच्या जागी आलं: ‘झोपलीय. पाणी नको.’ झोपेत पाणी मिळालं की कंद कुजतो म्हणे.

"वर्ष झालं. उठणार कधी?" तिने एकदा विचारलं होतं.

"आळशी आहे. तुझ्यावर गेलीय."

पुढे हॉस्पिटलच्या खाटेवरूनही त्याचं एकच,

"पाणी नाही ना घातलंस?"

"नाही हो. तेवढं कळतं मला."

कळत होतं. पण रिकाम्या घरात परतल्यावर हाताला दुसरं काही सुचत नसे.

त्याला जाऊन आता दोन महिने झाले होते. बाकीच्या आमऱ्यांना कोंब आले, हिला नाही.

"वहिनी, ही रिकामी कुंडी मी नेते. पुदिना लावीन," नणंद दारातून म्हणाली. "दादाने जंगल करून ठेवलंय नुसतं. माकडं तेवढी यायची राहिलीत."

"आलात ना तुम्ही, वन्सं."

नणंद हसली, मग तिला रडू आलं, मग ती चहा टाकायला आत गेली.

तिने माती उकरली. कुजलेला कंद सापडला की कबूल करून टाकायचं, एवढं ठरलं होतं. कुणापाशी, ते ठरलं नव्हतं. तळापर्यंत बोटं गेली. कंद नव्हता. कुजलेलाही नव्हता.

तिने पट्टी उपटून उलटी केली. मागे त्याच्या नेटक्या अक्षरात तारीख होती. दोन वर्षांपूर्वीची.

ती बराच वेळ पट्टी पुसत बसली, अक्षरांना धक्का न लावता.

"नेऊ ना मग?" नणंद कप घेऊन आली.

"नको." तिने माती सारखी केली, पट्टी पुन्हा रोवली, पुढची बाजू पुढे. "झोपलीय ती."

आणि पाण्याने भरलेला मग शेजारच्या कुंडीत रिकामा केला.