पुलावरची पिवळी रेघ

दरीवरच्या मेट्रो पुलाचे नट तपासायचं काम सासरे-जावयांकडे होतं. अलीकडची बाजू सासऱ्यांची, पलीकडची जावयाची. हातोडीनं ठोकल्यावर आवाज बद्द आला की नट आवळायचा आणि वर पिवळी रेघ ओढायची.

जावई रोज तासभर आधीच मोकळा होऊन शीळ घालत बसायचा. ‘लेकाचा नुसत्या रेघा ओढतो!’ सासऱ्यांच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला.

एका संध्याकाळी त्यांनी जावयाच्या बाजूचा एक नट गुपचूप सैल केला आणि वर तशीच रेघ रंगवली. सकाळी कामावर येताच पाहतात तर नट घट्ट! म्हणजे यानं आपल्याला पाहिलं की काय?

“जावईबापू, इतक्या लवकर कसं उरकतं हो तुमचं?” त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

“मामा, मी पहाटेच येतो,” जावई नेहमीच्याच आवाजात म्हणाला. “माझी बाजू करतो, तुमचीही करतो. हल्ली तुम्हाला ठोक्यांचा आवाज ऐकू येत नाही. घरी कुणाला बोललो नाही.”

“तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय?” सासरे खेकसले. “मनात काळंबेरं नसेल तर मोठ्यानं बोला!”