पाचवा टाक

ताम्हणात पूर्वजांचे चार टाक होते आणि त्यांच्या शेजारी ती काच — तळहाताएवढी, एका कोपऱ्याला टवका उडालेली, हळदीनं इतकी माखलेली की आत कोणी माणूस आहे असं सांगितलं असतं तर परक्यानं वेड्यात काढलं असतं. भगवतीआतेनं पळीनं पाणी घातलं. आधी आजोबांच्या चांदीच्या टाकावर, मग पणजोबांच्या... आणि शेवटी काचेवर. चिमूटभर राख घेऊन ती अंगठ्यानं काच घासायला लागली, तशी तिची भाची गंगा पुढं झुकली.

"आते, अगं राखेनं घासतेस?"

"मग काय पारोसा ठेवू? तुजा बाप हाय त्यो."

या काचेसाठी गंगानं तीन घरं पालथी घातली होती. बाबा तापाच्या साथीत गेले तेव्हा ती सासरी, माएबूर्गला, बाळंतीण होती. भाऊ म्हणाला, पोर्त्रे, म्हणजे बाबांची काचेवरची तसबीर, चुलत्याकडे. चुलत्यानं कानावर हात ठेवले. आणि चुलतीनं हळूच सांगितलं, आतेनं नेला, तिच्या गावी, कांप दे मास्कला. काल दिवसभर भाजीच्या रिकाम्या गाडीत हाडं खिळखिळी करून घेत ती इथं आली. तीच गाडी आज दुपारी भरून परत निघणार होती, आणि काच घेतल्याशिवाय गंगा गाडीत चढणार नव्हती.

कारण असा पोर्त्रे होता कुणाचा? गेल्या वर्षी सरकारनं मजुरांच्या तसबिरी काढल्या, तिच्या नवऱ्याचीही — पासावर चिकटवलेली, भेदरलेल्या डोळ्यांची, आणि सोबत नंबर. बाबांच्या तसबिरीत नंबर नव्हता. उसाचा रस कधी उतरवायचा हे नुसत्या वासावरून सांगणारा तिचा बाप गोवर्धन म्हणजे साखर कारखान्याचं नाक. मालकाच्या मुलीच्या लग्नाला पोर्ट लुईहून काळा तंबू घेऊन तसबीरवाला आला, एक काच उरली, आणि मालक म्हणाला, या माणसाची काढ. तसबीरवाल्यानं खुणेनं सांगितलं, मुंडासं उतरव, तोंडावर सावली येते. आणि बाबा — मी तिथंच होते ना, बारा वर्षांची, चिपाडांच्या ढिगावर उभी — बाबा म्हणाले, "मुंडाशासकट काडायची तर काड, मिस्ये, नायतर मी चाललो कामाला." त्या गोऱ्या मिस्येला मराठी कुठून कळणार! पण बाबा वळून चालू लागले तेवढं कळलं... आणि मुंडाशासकट काढली. आजही हे आठवलं की गंगाला स्वतःची उंची दोन बोटं वाढल्यासारखी वाटते.

तिनं ताम्हणातून काच उचलली, पदरानं पुसली आणि दाराच्या उजेडात धरली. काहीच नाही. नुसता ताकाच्या निवळीसारखा धुरकटपणा. मुंडासं नाही, मिशा नाहीत, बाबा नाहीत.

आते टाक पुसत राहिली. वर बघेना.

"पाटीमागं काजळी धरली व्हती गो," ती अखेर म्हणाली. "काळीकुट्ट. निरांजनाची, असं वाटलं. राख लावली, चिंच लावली. काळं निगालं, नि दादा बी निगून गेला."

"कधी?"

"वरीस झाला. कुनाला बोल्ले नाय. आंगोळ घालत्ये रोज."

गंगाला संताप आला. खरोखरचा, कानशिलं तापवणारा. एवढ्या बेटावर आमच्या माणसाचा एक चेहरा होता, एकच, आणि या बाईनं तो भांड्यासारखा घासून काढला... आता पोराला काय दाखवू? ती मटकन खाली बसली. काच मांडीवर पडली, लग्नातल्या काळ्या चंद्रकळेवर, आणि गंगा रडू आवरायला खाली बघते तो तिथं मुंडाशाची घडी. मग मिशी. मग डोळे, अगदी तेच, मिस्येला न जुमानणारे. काचेमागं काळं असेल तरच हा चेहरा दिसे; ते काळं गेलं होतं, माणूस गेलाच नव्हता! पण एक गाल खरंच नव्हता. अंगठा रोज फिरे त्या जागी तो झिजून गेला होता.

"आते... बघ. इकडं ये."

आते वाकली. "आरं दादा! येवडे दिस कुटं व्हतास रं?" आणि मग भावाला रागावलीच, डोळे पुसत, "वाट बगून बगून डोळं फुटलं की माजं."

बाहेरून गाडीवाल्यानं हाक मारली.

आतेनं चारही टाक देव्हाऱ्यात लावले. पाचवी जागा मोकळी ठेवली. "ने गो," ती म्हणाली. "तुजाच बाप." आणि स्वतःशीच बोलावं तसं, "उद्या त्येची आंगोळ चुकंल, येवडंच."

ठेवली तर दुसरा गालही जाईल. गंगाला ते स्वच्छ दिसत होतं. आतेला हजारदा बजावलं तरी ती पाणी घालणार, राख लावणार. भावाला पारोसा ठेवणं तिला जन्मात जमणार नाही. आणि नेली तर?... गंगा आतेच्या राखाडी अंगठ्याकडे बघत राहिली. आजवर सगळा अभिमान त्या एका माणसाचा. पण ही बाई वर्षभर कोऱ्या काचेला आंघोळ घालत होती, चेहरा दिसत नसताना, कुणापाशी चकार शब्द न काढता... कसल्या मातीची माणसं आहेत ही! आमची माणसं. माझी.

गाडीवाल्यानं दुसरी हाक मारली, जरा चिडून. गंगानं ऐकली आणि ओ दिली नाही. न्यावी की ठेवावी, तिला कळेना. आणि कळत नाही याची, नवल म्हणजे, तिला लाजही वाटेना.