उज्ज्वलाची दुसरी फेरी

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यापासून दाभोशाच्या नदीपर्यंत मी शिकवलेलं एक तरी माणूस नाही असं घर शोधून दाखवावं. ही फुशारकी आहे, आणि मी ती मारणार. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत घातला, कुडाच्या भिंतीच्या वर्गात पोरं बसवली, आता एवढं तरी बोलायचा हक्क मला आहे. मोठमोठी बाप्ये माणसं बाजारात मला बघून बिडी पाठीमागे लपवतात.

माझी भाची उज्ज्वला माझ्यापेक्षा पुढे गेली. भावाची मुलगी, पण दहावीपासून जव्हारला माझ्याकडेच वाढली. मुंबईला आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. केलं आणि आता तिला पीएच.डी. करायची होती. विषय असा, की परदेशी मालावर जबर कर लावून किंवा बंदी घालून तो बाहेर ठेवावा, याबद्दल साध्या माणसांना काय वाटतं. दिल्लीच्या एका विद्यापीठात जागा मोजक्याच. तिथल्या मंडळींनी सांगितलं होतं की मुलाखतीआधी तुमच्या भागातली छोटी पाहणी करून लिहून पाठवा, तुम्हाला माणसांशी बोलता येतं की नाही ते कळेल.

"माणसांशी बोलायचं ना? मग तू काय काळजी करतेस," मी म्हटलं. "मी आहे की."

दिवाळी नुकतीच झाली होती. जीपने आम्ही सूर्यमाळला गेलो. मी येणार म्हटल्यावर अंगणं सारवलेली, खाली घोंगड्या पसरलेल्या. सगळे माझेच जुने विद्यार्थी, नाहीतर त्यांचे आईबाप. उज्ज्वलाने प्रश्न वाचला, "अमेरिकेने आपल्या मालावर कर वाढवलाय. मग आपणही बाहेरचा माल बंद करावा का?"

सगळे तिच्याऐवजी माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, प्रश्न समजला नसेल. मी तोच प्रश्न सोपा करून, मोठ्या आवाजात, शाळेत विचारायची तसा विचारला, "मग बंद करायला पाहिजे ना?" पहिला धोंडी उभा राहिला. हा धोंडी आता दोन पोरांचा बाप, पण उभा राहिला तो हात बांधून. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "हो बाई. बंद करावा." त्याच्या मागे नवशा, "हो बाई." मग गोदा, मग ओळीने सगळे. दुसऱ्या दिवशी दाभोशाला तेच, पलीकडच्या पाड्यावरही तेच. येताना जीपमध्ये माझी छाती अशी फुगली होती की ड्रायव्हरला गिअर टाकायला जागा नव्हती. सगळा मुलूख एका सुरात बोलला, आणि तो माझ्या शब्दावर!

उज्ज्वला मात्र वहीतलं लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचत होती. घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "आत्या, हे सगळं टाकून द्यावं लागणार."

"टाकून? अगं, एकही उत्तर वेडंवाकडं नाही!"

"म्हणूनच. त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. तुला काय आवडेल ते सांगितलं."

मी खवळले. म्हटलं, मुलाखत तोंडावर आलीये, असलेलं फेकून नवीन कधी गोळा करणार? या जागेसाठी दोन वर्षं घासलीस, आणि आता हातातला घास टाकतेस? लोकांनी मन मोकळं केलं ते तुला पटत नाही, कारण ते तुझ्या पुस्तकात बसत नाही. बरंच बोलले मी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मी उद्या परत जाते. एकटी. तू येऊ नकोस."

तू येऊ नकोस! ज्या पाड्यांवर मी पायी जाऊन पोरं शाळेत ओढून आणली, तिथे मला मज्जाव! दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. डबा मात्र भरून दिला, नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. अबोला आणि उपास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिकडे तिने काय केलं, तर प्रश्न घेऊन अंगणात बसलीच नाही. खुरासणी निघायचे दिवस होते. आमच्याकडच्या डोंगरउतारावर ही तेलबी होते, पिवळ्या फुलांची. वाळली की झोडून बी काढायची. उज्ज्वला लोकांबरोबर झोडायला उभी राहिली, आणि काम करता करता एकेकाला एकेकटं गाठून बोलत गेली. संध्याकाळी केसांत काड्या घेऊन घरी यायची. बोलायचं नव्हतं, पण राहवेना, म्हणून मी विचारलं, "काय म्हणतात?"

तिने वाचून दाखवलं, आणि मी खुर्चीत सरसावून बसले. गोदा म्हणाली होती, सगळं बंद करा, फक्त पिशवीतल्या तेलाला हात लावू नका, ते बाहेरून येतं तेच परवडतं, घाण्याचं खुरासणीचं तेल आता सणालाच. ठाण्याला बांधकामावर जाऊन आलेला नवशा म्हणाला, बंद कराच, आणि खिशातला चिनी मोबाइल दाखवून हसला, पण हा सोडून. एक म्हातारी म्हणाली, मला कुणी असं कधी विचारलं नाही, उद्या ये, विचार करून सांगते. आणि धोंडी म्हणाला, नको. व्यापारी सांगतो की आपली खुरासणी अमेरिकेत पाखरांना घालायला जाते. आपण त्यांचा माल अडवला आन तिकडचा रस्ता बंद झाला तर आमी ही कोनाला विकायची?

"धोंड्या असं बोलला?" मी विचारलं. वर्गात हा पोरगा 'हजर' सोडून दुसरा शब्द बोलत नसे. मला त्याचा राग आला, खोटं कशाला सांगू. मला 'हो बाई' म्हणाला आणि हिला 'नको'.

मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर होती. मी कुकर लावला नाही, शिट्टी नको म्हणून. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. समोर तीन प्राध्यापक होते. त्यांतल्या एका गृहस्थांनी पहिलाच टोला हाणला. इतक्या आडबाजूच्या माणसांचा आंतरराष्ट्रीय व्यापाराशी संबंध काय?

उज्ज्वला अडखळली नाही. "त्यांच्या शेतातली तेलबी परदेशात पाखरांना जाते, सर, आणि त्यांच्या कढईत परदेशातून आलेलं पामतेल पडतं. त्यांचा संबंध नाही, तर कुणाचा आहे?"

मी तिथल्या तिथे टाळी वाजवणार होते, हात आवरला.

मग एक बाई बोलल्या. आवाज करडा, पण तो करडेपणा माझ्या ओळखीचा होता, हुशार पोराला अवघड गणित घालताना येतो तसा. त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय की पहिली पाहणी एकमताची होती, ती तुम्ही रद्द केली. दुसरी अर्धवट, उत्तरं एकमेकांना छेद देणारी. पहिली पुढे केली असती तर आम्हाला कळलंही नसतं. मग हे का?"

मी सांगितलं होतं ना, वेडे, मी सांगितलं होतं.

"पहिल्या वेळी माझी आत्या बरोबर होती," उज्ज्वला म्हणाली. "तिने त्यांना, नाहीतर त्यांच्या मुलांना, लिहायला-वाचायला शिकवलंय. तिच्यासमोर ते चुकीचं उत्तर देणार नाहीत. ते त्यांचं मत नव्हतं, मॅडम, ते तिच्यावरचं प्रेम होतं. ते मी मत म्हणून तुम्हाला कसं विकू?"

मी पदराने तोंड दाबून धरलं. आयुष्यात मला दोन-तीन सत्कारांच्या शाली मिळाल्यात. त्या सगळ्या ट्रंकेत आहेत, आणि त्यांतली एकही मला त्या एका वाक्याएवढी ऊबदार वाटलेली नाही.

आठवड्याने निवड झाल्याचं कळलं. शिष्यवृत्तीसकट. मी पेढे घेतले आणि मोखाड्याचा आठवडे बाजार गाठला, सगळ्यांना माझ्या हातानेच द्यायचे होते. "उज्ज्वलाला नोकरी लागली का, बाई?" "नोकरी नाही रे, आणखी शिकणार आहे." "अजून?" असं करत करत धोंडीपाशी आले. खुरासणीचं पोतं पुढ्यात घेऊन बसला होता. पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि जुन्या सवयीने मोठ्याने म्हटलं, "काही झालं तरी परदेशी माल बंदच व्हायला पाहिजे. काय धोंडी?"

त्याने पेढा तोंडात टाकला. उभा राहिला नाही. हातही बांधले नाहीत.

"नाय बाई," तो म्हणाला. "तुमचा चुकतो."

कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं. तो थांबला नाही. "लावणीला आमी एकमेकाच्या शेतात जातो ना? एखादे साली शेजारी माझ्याकडं नाय आला. मंग मीबी नाय गेलो, तं त्याचं शेत रायलं आन माझंबी रायलं. त्यापरीस त्याच्या घरी जाऊन मी पयला विचारीन, का रं नाय आलास? आन दरसालच नाय आला, तं मंग मातर..." त्याने मान खाली घातली, परत वर केली. "तुमच्या भाचीला सांगा, मी तवा अर्धाच बोललो. बाकीचा आयकाया परत ये म्हनावं."

मास्तरकीच्या साऱ्या वर्षांत मला माझ्या तोंडावर चूक म्हणणारा हा पहिलाच. मला भलताच आनंद झाला. मी पेढ्यांचा डबा बाजूला ठेवला आणि त्याच्या पोत्याशेजारी खाली मातीत मांडी घालून बसले.

"ती येईल तेव्हा येईल," मी म्हटलं. "आधी मला सांग. मग मातर काय?"