शहर भेदरलंच नाही

बारक्याला बोलतं करण्यासाठी त्याच्या थोरल्या बहिणीला चौकशीच्या खोलीत आणलं, तेव्हा टँकरच्या बादल्या वाहून तिचे दंड भरून आले होते. तिच्या या धाकट्या भावाने घरबसल्या शहराच्या पाणीपुरवठ्याचे कॉम्प्युटर ताब्यात घेऊन पंप बंद पाडले होते. पासवर्ड फक्त त्याच्या डोक्यात. इस्पितळाची टाकी संध्याकाळपर्यंत कशीबशी पुरणार होती. मग किडनीच्या पेशंटांची मशीनं थांबणार. आणि पकडल्यापासून हा पठ्ठ्या तोंडात गुळणी धरून बसलेला.

अधिकाऱ्याने तिला दारातच पढवलं. सगळं शहर भेदरलंय, लोकांची झोप उडालीय, असं त्याला सांगा. असल्यांना दरारा हवा असतो. तो मिळाला की तोंड आपोआप उघडतं.

तिने मान डोलावली. आयुष्यभर ती तेच करत आली होती. बारक्याने चालता पंखा खोलून बिघडवला तरी पोर हुशार म्हणायचं, नोकरीवर भांडून आला तरी साहेबच मूर्ख म्हणायचं. घराने त्याला डोक्यावर घेतलं आणि उतरवायचं राहूनच गेलं.

ती आत जाऊन समोरच्या खुर्चीत बसली, तरी आई कशी आहे, हे बारक्याने विचारलं नाही.

"लोक काय म्हणतायत, ताई?"

पढवलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. पण खोटं बोलायलाही तिच्या अंगात त्राण नव्हतं.

"काही नाही म्हणत. नेहमीसारखं पाणी गेलंय म्हणतात. टँकरपाशी भांडतात, बादल्या भरतात, घरी जातात. तुझं नावही कुणी घेत नाही रे."

"बातम्यांत?"

"तांत्रिक बिघाड."

दाराशी अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला. बारक्याचा चेहरा एवढा पडला, की तिला जुनी माया दाटून आली. मग त्याने कागद मागितला, पासवर्ड खरडला आणि फसलेलं चित्र पोरं टाकून देतात तसा तो तिच्याकडे ढकलला.

अधिकारी कागद घेऊन पळाला. थोड्या वेळाने पंप सुरू झाल्याचा निरोप आला. शिपायाने तिच्यापुढे चहा ठेवला, कुणीतरी शाबासकीही दिली. सुटले एकदाची, असं म्हणत ती उठली. तिला घरी जाऊन फक्त आडवं व्हायचं होतं.

बारक्या टेबलाकडे बघत होता. शांत, अभ्यासाला बसल्यासारखा.

"म्हणजे कमी पडलं," तो म्हणाला.

ती परत खुर्चीत बसली. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्या पोराची तिला आयुष्यात पहिल्यांदाच भीती वाटली.