रेडियमची भुकटी

साळूबाईच्या आंबेमोहराचं बी न्यायला शेजारच्या सूस-महाळुंगे गावांची माणसं येत. कापणीआधी ती शेतभर हिंडून भरदार लोंब्या तेवढ्या बियाला बाजूला काढी. नवरा गेल्यावरही तिनं हा नेम सोडला नव्हता. घरातले कर्ते म्हणजे तिचे थोरले दीर, हैबतराव. गावात कुणी केलं नाही ते आपण करून दाखवावं, ही त्यांची हौस.

पुण्याच्या एका प्रदर्शनात त्यांना रेडियमची भुकटी विकणारा भेटला. साल एकोणीसशे बावीस. मातीत मिसळली की रोपाला आतून ऊब मिळते, असं तो सांगत होता. हैबतराव डबे घेऊनच परतले.

"बियाच्या वाफ्यात नगा टाकू, भावजी," साळूबाई दाराआडून म्हणाली. "आदी दुसरीकडं बघा."

"घरात कर्ता कोन हाय?" एवढंच बोलून त्यांनी सगळे डबे त्याच वाफ्यात रिकामे केले.

पहिल्या साली रोपं अशी तरारली, की हैबतरावांनी चावडीवरची माणसं हाताला धरून शेतात आणली. मग दरसाल नवे डबे आणून वाफ्यात भुकटी पडू लागली. तिसऱ्या साली पानं पिळवटली, त्यांवर पांढुरक्या रेघा उठल्या. त्यांनी दोष हवेला दिला. चौथ्या साली लोंब्या ताठ उभ्याच राहिल्या. चुरून पाहिलं तर हातात नुसता कोंडा.

त्याच दिवसांत सुसाचा कुशाबा आला. मूठभर पोकळ लोंब्या त्यानं ओट्यावर ठेवल्या.

"साळूबाई, तुमच्या बियानं अवंदा दगा दिला."

"माजीच निवड चुकली, दादा," ती म्हणाली.

हैबतराव तिथंच बसले होते.  कुशाबा पाणी पिऊन गेला. साळूबाईनं लोंब्या उचलल्या आणि हैबतरावांकडे न बघता आत गेली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते टेकाडावर सावळा धनगराकडे गेले. भुकटी यायच्या आधी त्यानं साळूबाईकडून बी नेलं होतं, आणि तेच तो अजून पेरत होता.

"तुमच्याच घरचं हाय की. मागताय कशापायी?" सावळा म्हणाला.

"माज्या हातानं नासलं," हैबतराव म्हणाले. त्यांना वर बघवेना. सावळानं काही न विचारता टोपलं भरून दिलं. तिथून ते सुसाला गेले आणि कुशाबाच्या दारात उभ्यानंच सगळं सांगितलं. कुशाबानं बसा म्हटलं नाही.

मग त्यांनी वाफ्यातली माती खणायला घेतली. साळूबाई बांधावर आली.

"ही माती टाकनार कुटं, भावजी?"

ओढ्यात टाकावी तर खाली लोकांची शेतं. कुणाच्या पडीक रानात टाकावी तर तिथं सावळाची मेंढरं चरायची. पाटी डोक्यावर घेऊन ते उभेच राहिले. अखेर त्यांनी ती माती वाफ्यातच परत ओतली आणि भोवती काट्यांचं कुंपण घातलं.

सावळाकडून आणलेलं बी साळूबाईनं दुसऱ्या शेतात पेरलं. हैबतराव बांधावरून बघत राहिले. तिनं बोलावलं नाही, आणि तेही आत उतरले नाहीत.