मैनाबाईची चुंबळ

“आजी, तुयी चुंबळ सोडून दाखवावी लागंल,” दामिनी म्हणाली, आणि मैनाबाईनं डोक्यावरची चुंबळ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“बह्याड झाली काय व पोट्टे? चुंबळ कोनी सोडते काय!”

अमरावतीच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. विषय होता ‘बायकांच्या डोक्यावरचं कापड’. बाकीच्या पोरींनी शेले आणले, जरीचे पदर आणले. दामिनीनं मोर्शीहून आजीच उचलून आणली, चुंबळीसकट. संत्र्यांची, भाजीची टोपली वाहून मळलेलं ते वेटोळं पाहून परीक्षक बाईंनी नाक मुरडलं. “या तर चिंध्या! यात कला कुठली आणि इतिहास कुठला?” झालं, नातीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

चुंबळीची मैनाबाईच्या घरची रीत अशी, की झिजली तरी टाकायची नाही. नव्या धांदोटीला, म्हणजे जुन्या लुगड्याच्या पट्टीला, पीळ द्यायचा, जुन्यावर फिरवायची, टोक आत खोचायचं. सुई नाही, दोरा नाही. गाभ्यात मात्र माहेरच्या लुगड्याची पट्टी, आणि ती एकदा आत गेली की पुन्हा बघायची नाही. मैनाबाईच्या चुंबळीच्या गाभ्यात मायचं लुगडं, म्हणजे तिची मायच होती. मायचा फोटोसुद्धा कुठे नव्हता. आतून नुसता भुगा निघाला तर? पण नातीचा चेहराही बघवेना.

“इतिहास पायजे न तुमाले? घ्या बाप्पा!” म्हणत ती खाली मांडी घालून बसली.

वरची नायलॉनची धांदोटी सुटली. “हे सुनेची साडी, दामिनी झाली तवाची.” मग टेरिकॉट. “हे नणंदेचं पातळ. रोज भांडत जाय माह्यासंग, पन बाजार तिनंच शिकवला.” मग सासूचं जाडंभरडं. पोरी खिदळत जवळ सरकल्या, बाईंनी चष्मा चढवला. शेवटी वीतभर लांबीची तांबडी सुती पट्टी निघाली. काठ शाबूत, रंग तसाच. तिला ऊनच लागलं नव्हतं.

“माय व,” मैनाबाई म्हणाली. तिनं ती पट्टी गालाशी धरली.

मग मैनाबाईला पोरींना चुंबळ वळायला शिकवायची अशी हौस चढली म्हणता! बोलण्याच्या नादात दामिनी पट्ट्या निघाल्या त्याच क्रमानं देत गेली, मैनाबाई गुंडाळत गेली. नायलॉन गेलं गाभ्यात आणि माय आली सगळ्यांच्या वर.

“आजी, उलटं झालं! पुन्हा सोडू काय?”

“राहू दे व. चाळीस वर्सं अंधारात होती बिचारी.”

“या चिंध्या नाहीत हो, आजी. चुकलंच माझं,” परीक्षक बाई म्हणाल्या. “आमच्या काचेच्या कपाटात ठेवायला द्याल?”

“नाई बाई. कपाटात जीव घुसमटंल तिचा.”

निघताना दामिनीनं सामानाचं बोचकं नेहमीसारखं आजीच्या डोक्यावर ठेवायला उचललं. मैनाबाईनं ते काखेत मारलं. वजन पडलं असतं तर मायची पट्टी चार दिवसांत विरली असती. रिकामी चुंबळ डोक्यावर ठेवून, भरलं टोपलं असल्यासारखी मान ताठ धरून ती एसटी स्टँडकडे हळूहळू चालू लागली. येणारेजाणारे वळून बघत होते.